घारापुरीला एका दिवसात जाऊन येताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

घारापुरीचा, म्हणजे मुंबईच्या बंदरातल्या एलिफंटा बेटावरची लेणी बघायचा, बेत आखताना आधी परतीची बोट ठरवायची आणि तिथून मागे मोजत यायचं. बेटावर पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही, आणि गेटवे ऑफ इंडियाला येणारी शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुटते. बहुतेक कुटुंबं नेमकं उलटं करतात. घरून निवांत निघायचं, साडेअकराला गेटवे, एक वाजता भर उन्हात पायऱ्या, आणि लेण्यात पाऊल टाकतोय तोवर कुणीतरी ‘बोट चुकेल हां’ म्हणायला लागतं. मग सदाशिवाच्या मोठ्या शिल्पासमोर एक सेल्फी, एक ग्रुप फोटो, की चला खाली.

म्हणून हिशोब असा मांडा. बोटीला जाताना एक तास, येताना एक तास. जेट्टीवरून पायऱ्यांपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, पायऱ्या चढायला वीसेक. मुख्य लेण्याला नीट बघायचं तर दीड तास कमीच. तोफांच्या टेकडीवर जायचं असेल तर आणखी पाऊण तास ते एक तास. जेवण पाऊण तास. एवढं सगळं सकाळी नऊच्या बोटीने निघालात तर आरामात बसतं आणि तुम्ही साडेतीन-चारला परत गेटवेला असता. अकराच्या बोटीने निघालात तर तोफा सोडाव्या लागतात. दुपारी दोननंतर निघण्यात अर्थ नाही, मग तिकीट मिळत असलं तरी.

दिवस कोणता धरायचा

सोमवारी लेणी बंद असतात. हे एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. दर सोमवारी गेटवेच्या कठड्यापाशी पिशव्या घेऊन उभी असलेली, गावाहून आलेली मंडळी दिसतात आणि त्यांना हे सांगायला कुणी नसतं.

शनिवार-रविवारी गर्दी असते, रविवारी तर फार. सुट्टी जमत असेल तर मंगळवार ते गुरुवार उत्तम. मंगळवारी शाळांच्या सहली थोड्या जास्त दिसतात, पण त्या एकदम येतात आणि एकदम जातात, पाच मिनिटं बाजूला उभं राहिलं की लेणं पुन्हा तुमचं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात सोपा काळ. पाणी शांत, हवा बरी. मार्चपासून दमटपणा वाढतो आणि दुपारनंतर वारा उठून येतानाची बोट हलायला लागते. ऑक्टोबरचा उकाडा नवख्यांना मेपेक्षा जास्त त्रास देतो, कारण कुणी त्याची तयारी करून येत नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं. गेटवेहून अलिबागकडे, मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, कारण त्यांना उघड्या समुद्राच्या तोंडावरून जावं लागतं. घारापुरी बंदराच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे तिकडे हवामान बघून बोटी सोडतात. पण सकाळी सोडतील की नाही हे सकाळीच कळतं. मुंबईत राहणाऱ्याने एखाद्या उघडिपीच्या दिवशी नशीब आजमावावं, बेट तेव्हा सर्वात देखणं असतं. नागपूर-लातूरहून रजा काढून, गाडीची तिकिटं काढून येणाऱ्याने जून-जुलैत या भानगडीत पडू नये.

महाशिवरात्रीला बेटावर जत्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटतात. जत्राच बघायची असेल तर जरूर जा. शिल्पं बघायची असतील तर तो दिवस सोडा.

गेटवेपर्यंत

लोकलने आलात तर चर्चगेट किंवा सीएसएमटी. दोन्हीकडून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं, चालत वीस-पंचवीस. सकाळी आठ-साडेआठला चालण्यासारखा दुसरा मार्ग नाही. फोर्टातले रस्ते त्या वेळी अजून भरलेले नसतात. मेट्रो तीनने येत असाल तर हुतात्मा चौकाला उतरा, तिथून सरळ चालत. स्वतःची गाडी आणू नका. कुलाब्यात पार्किंग शोधण्यात पहिली बोट जाते आणि मग वरचा सगळा हिशोब कोलमडतो.

गेटवेच्या आवारात शिरताना सामानाची तपासणी होते. रांग लांब असली तरी पटकन सरकते. गेटवेवर सरकारी कार्यक्रम किंवा मोठा बंदोबस्त असला तर बोटींच्या वेळा पुढे-मागे होतात, म्हणून आदल्या दिवशी बातम्यांवर एक नजर टाका.

नाश्ता आधीच उरकून घ्या. बोटीत चहा-बिस्किटं मिळाली तर मिळाली. रिकाम्या पोटी बोटीत बसणं आणि तुडुंब पोटाने बसणं, दोन्ही वाईट. पोहे, इडली असं काहीतरी हलकं खाऊन निघालात की झालं.

तिकीट

आवारात पाऊल टाकलं की तीन प्रकारची तिकिटं तुमच्या कानावर आदळतात: मांडवा, हार्बर राउंड आणि एलिफंटा. हार्बर राउंड म्हणजे अर्ध्या तासात बंदरात एक फेरी मारून परत. ‘बोटीत बसायचंय का’ असं विचारणाऱ्याला नुसतं ‘हो’ म्हटलंत तर तुम्ही बेटाऐवजी गोल फिरून याल. स्पष्ट विचारा: ‘घारापुरी, जाऊन-येऊन?’ आणि तिकीट खिडकीवरूनच घ्या, हातात चोपडी घेऊन फिरणाऱ्याकडून नको.

जाऊन-येऊन तिकीट माणशी तीनशेच्या आगेमागे पडतं. मुलांना कमी. तेच तिकीट परत येताना दाखवावं लागतं, तेव्हा ते चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. एकाच माणसाने सगळ्यांची तिकिटं पाकिटात ठेवावीत. वरच्या डेकवर बसायचं असेल तर बोटीत वेगळे दहा-वीस रुपये घेतात. ते फसवणं नाही, तशी पद्धतच आहे, आणि थंडीत तर ते पैसे वसूल होतात. मार्चनंतर मात्र मी खालीच बसायला सांगेन.

पैशांचं एकदाच सांगून टाकतो. बोटीशिवाय बेटावर ग्रामपंचायतीचा छोटा कर, टॉय ट्रेनमध्ये बसलात तर तिचे दहा-वीस रुपये, आणि लेण्याचं तिकीट. हे पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. अमेरिकेहून, सिंगापूरहून आलेली भावंडं बरोबर असतील आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर ते घरी कपाटात न ठेवता बरोबर आणायला सांगा, त्यांना भारतीयांच्याच दरात आत सोडायचा नियम आहे. चौघांचं कुटुंब जेवणखाण धरून दोन-सव्वादोन हजारांत आरामात जाऊन येतं. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण नेटवर्क ऐन वेळी रुसतं. दहा, वीस, पन्नासच्या सुट्या नोटा ठेवाच.

बोटीत चढताना

नवख्यांची सगळ्यात जास्त धांदल उडते ती इथे. धक्क्याला एकच बोट टेकलेली असते आणि तिच्या पलीकडे दुसरी, कधी तिसरीही दोराने बांधलेली असते. तुमची बोट सर्वात बाहेरची असेल तर आधीच्या दोन बोटींतून, बाकांमधून वाट काढत पलीकडे जायचं. भरती असेल तर बोट पायरीच्या बरोबरीला येते. ओहोटीला ती खाली गेलेली असते आणि शेवटच्या दोन-तीन पायऱ्या शेवाळलेल्या असतात. बोट वर-खाली होत असते, ती वर येईपर्यंत थांबायचं आणि वर आली की एका दमात पाय टाकायचा. खलाशी हात पुढे करतो, तो मनगटापाशी धरायचा, बोटं धरू नका. एका हातात मूल, दुसऱ्यात पिशवी आणि कानाला फोन, असं चढायला जाऊ नका. आधी मूल खलाशाकडे द्या, मग पिशवी, मग तुम्ही. साडी किंवा लांब ओढणी असेल तर आधीच खोचून घ्या. पायांत मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट. हवाई चप्पल पाण्यात पडलेली बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

आणि लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तोवर या बोटींतली जॅकेटं छताला लटकलेली असायची आणि कुणी त्यांना हात लावत नसे. जॅकेट नुसतं अंगावर टाकून उपयोग नाही, समोरचे पट्टे बांधा. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट पाण्यात वरून निसटतं, तेव्हा मुलांच्या मापाचं मागून घ्या. मळकं आहे, वास येतो, फोटोत बरं दिसत नाही, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, तरी घाला. बोट अगदीच खचाखच भरलेली वाटली तर उतरून पुढची घ्या. अर्ध्या तासात दुसरी सुटते.

बोट लागत असेल तर मधल्या भागात, खालच्या डेकवर, पुढे तोंड करून बसा आणि फोनमध्ये डोकं घालू नका, लांबच्या किनाऱ्याकडे बघत राहा. आलेपाकाची वडी तोंडात धरली तर बरं वाटतं. ज्यांना एसटीतही लागते त्यांनी निघण्याआधी एक-दोन तास अव्होमिनची गोळी घ्यावी, पण तिने झोप येते हे ध्यानात ठेवून.

तासभर पाण्यावर

हा तास वाया जाणारा आहे असं समजून लोक झोपतात. मुंबईचं बंदर कसं चालतं हे बघायची इतकी स्वस्त संधी दुसरी नाही. निघताना मागे गेटवे आणि ताज लहान होत जातात. डाव्या हाताला नौदलाच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका असतात; तिकडे कॅमेरा रोखू नका. मग नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं लागतात. त्यांच्या अंगावर खोली मोजायचे आकडे रंगवलेले असतात, त्यावरून जहाज भरलेलं आहे की रिकामं हे मुलांना ओळखायला सांगा. रिकामं जहाज पाण्याच्या खूप वर आलेलं असतं आणि खालचा तांबडा रंग उघडा पडलेला असतो. वाटेत जवाहर द्वीप लागतं, तिथे तेलवाहू जहाजं रिकामी होतात, त्यामुळे तिथे उतरायचा प्रश्नच नाही. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू आडव्या रेघेसारखा दिसतो आणि समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन.

हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागे लागतात आणि माणसं त्यांना गाठ्या, शेव, कुरकुरे टाकतात. फोटो छान येतात हे कबूल. पण मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन चारण्यात पक्ष्याचं भलं काही नाही. न चारताही ते बोटीबरोबर उडतात.

उतरल्यावर

बेटाच्या या बाजूला पाणी उथळ आणि तळाला चिखल, म्हणून जेट्टी पार आत समुद्रात काढलेली आहे. ती संपेपर्यंत छोटी टॉय ट्रेन जाते. मुलं बरोबर असतील तर बसावंच लागेल, वाद घालू नका. नसतील तर चाला. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतात आणि एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत बसलेले असतात. पुढे खारफुटी सुरू होते.

उतरल्या उतरल्या एक काम करा: जेट्टीवरच्या माणसाला शेवटची बोट किती वाजता, हे विचारून घ्या. गेटवेला सांगितलेली वेळ आणि इथली वेळ यात फरक निघाला तर इथली खरी.

हे बेट मुंबईच्या बंदरात असलं तरी तालुका उरण आणि जिल्हा रायगड. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. पर्यटक उतरतात ती शेतबंदरची बाजू. समोर रात्रभर मुंबई झगमगत असताना या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, की मग कंदील. दुकानदाराशी दोन वाक्यं बोललात तर तो हे स्वतःहून सांगतो.

मग पायऱ्या, शंभर-सव्वाशे. अवघड नाहीत, पण दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर निळी ताडपत्री, त्यामुळे वारा लागत नाही. दुकानांत माळा, दगडी हत्ती, टोप्या, फ्रिजवर चिकटवायच्या वस्तू. जाताना थांबू नका, ‘येताना बघतो’ म्हणा आणि येताना खरंच बघा. घासाघीस चालते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. भाव आधी ठरवा आणि तो एका बाजूचा की दोन्हीकडचा, हेही तेव्हाच.

लेणं कसं बघायचं

वर तिकीट दाखवून आत गेलात की समोरच पहिलं लेणं, आणि बघायचं मुख्यतः हेच. दोन ते पाच क्रमांकाची लेणी याच टेकडीच्या कडेने पुढे आहेत, अर्धवट राहिलेली आणि पडझड झालेली. त्यांना वीस मिनिटं पुरतात. वेळ कमी असेल तर ती वीस मिनिटंही पहिल्यालाच द्या.

अधिकृत गाइड तिकीट खिडकीपाशी असतात. घेतलात तर पैसे आधी ठरवा आणि मराठीत सांगायला सांगा. इंग्रजीतला पाठ केलेला मजकूर आणि मराठीतल्या गप्पा, यात तुम्हाला मिळणाऱ्या गोष्टीच वेगळ्या असतात. गाइड नको असेल तर मी सांगतो तो क्रम धरा.

उत्तरेच्या दारात, आत न जाता, क्षणभर थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. बाहेरच्या उन्हातून घाईने आत शिरणाऱ्यांना समोर फक्त काळोख दिसतो. दाराच्या डाव्या बाजूला योगेश्वर शिव बसलेला, उजव्या बाजूला नटराज. नटराजाचे हात-पाय तुटलेले आहेत तरी कंबरेतला झोक पुरेसा आहे, नाच कळतो.

मग मधल्या खांबांतून सरळ समोर, दक्षिणेच्या भिंतीकडे चला. इथेच तो सदाशिव, ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. उंची सुमारे साडेपाच मीटर, फक्त छातीपासून वरचा भाग. अनेकांची समजूत असते की हे ब्रह्मा, विष्णू, महेश. तसं नाही, तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. तुमच्या डाव्या हाताचं अघोर, मिशा असलेलं, कपाळाला आठी. उजव्या हाताचं वामदेव, कोवळं, बाईपणाकडे झुकणारं, हातात कमळ. मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ जाड आहे आणि किंचित पुढे आलेला. तेवढ्या एका ओठावर सगळ्या चेहऱ्याचा स्वभाव उभा आहे. अगदी कठड्याला चिकटून बघितलंत तर मान दुखते आणि जटामुकुटच दिसत राहतो. दहा-बारा पावलं मागे येऊन दोन खांबांच्या मध्ये उभे राहा, तिन्ही मुखं एकदम नजरेत मावतात.

त्याच्या डावीकडे अर्धनारीश्वर. उजवा अर्धा भाग पुरुषाचा, नंदीवर रेललेला, डावा स्त्रीचा. दोन्हींच्या कमरेची वळणं वेगवेगळी असूनही शरीर एकच वाटतं. उजवीकडे गंगाधर, जटेत गंगा उतरवून घेणारा, आणि शेजारी पार्वती जरा तोंड फिरवून. इथून पश्चिमेला वळलात की शिवपार्वतीचं लग्न. हे चुकवू नका. लग्नात पार्वतीच्या मानेची जी झुकण आहे तिच्यासमोर मराठी बायका हमखास थांबतात आणि हसून एकमेकींकडे बघतात.

पश्चिमेलाच चार दारांचं गाभाऱ्याचं दालन, आत लिंग आणि प्रत्येक दाराशी प्रचंड द्वारपाल. त्याच्यासमोर अंधकासुराचा वध, सबंध लेण्यातला सर्वात रागीट चेहरा. पूर्वेच्या टोकाला कैलासावर बसलेले शिवपार्वती आणि कैलास हलवू बघणारा रावण, हे दोन्ही बरेच झिजलेले. सकाळी पूर्वेच्या अंगाने उजेड येतो आणि शिल्पांवर आडवा पडतो, त्यामुळे दहा-साडेदहाला जे उठाव दिसतात ते दुपारी सपाट होतात. पहिल्या बोटीचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः यासाठी.

हे सगळं बहुतेक अभ्यासकांच्या मते सहाव्या शतकाच्या मध्यावरचं, कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळातलं. त्याची तांब्याची नाणी बेटावर सापडली आहेत. नक्की कुणी कोरलं हे सांगणारा शिलालेख इथे होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिथे तो हरवला. बेट त्यांच्याकडे १५३४ मध्ये गेलं, आणि शिल्पांचे पाय नि खांबांची बुडं फुटलेली दिसतात त्यातला बराच दोष त्यांच्या शिपायांना दिला जातो. बाकीचा पाण्याला.

फोटो जरूर काढा, ट्रायपॉड लावायला मात्र परवानगी लागते. शिल्पांना हात लावू नका, आणि मुलांना द्वारपालाच्या पायावर बसवून फोटो काढणाऱ्या बाबांना दोन शब्द सुनावायला लाजू नका.

माकडं, पोट आणि पाणी

माकडांना पिशवीच्या चेनचा आवाज ओळखू येतो. वेफर्स, केळी, रंगीत सरबताची बाटली हातात घेऊन फिरू नका. साधी पाण्याची बाटलीसुद्धा ती हिसकावतात, झाकण उघडून पितात. हिसकावली तर सोडून द्या, ओढाताण करू नका. चावली तर सहलीचं रूपांतर इंजेक्शनांत होतं. काठीवाले दुकानदार मदत करतात.

पायऱ्यांवर आणि वरती गावातल्या बायका काकडी, कैरी, पेरू, बोरं, चिंचा घेऊन बसतात. काकडी चार फाका करून मधे तिखट-मीठ भरून देतात. चढून आल्यावर तिच्याइतकं दुसरं काही लागत नाही. जेवायला शेतबंदरच्या बाजूला आणि पायऱ्यांच्या आसपास छोटी हॉटेलं आहेत, काही घरगुती. मासे ताजे आहेत का, हे विचारून मगच थाळी सांगा, आणि वर चढतानाच ऑर्डर देऊन ठेवलीत तर खाली येईपर्यंत भाकऱ्या गरम मिळतात. डोक्यावर हंडे-कळशी घेतलेल्या नऊवारीतल्या आजींचा फोटो काढलात तर त्या पैसे मागतात. त्यांचं ते कामच आहे. द्यायचे नसतील तर काढू नका.

पाणी माणशी एक लिटर तरी घरून न्या. स्वच्छतागृह जेट्टीपाशी आणि वर लेण्यापाशी आहे. बोटीत बसण्याआधी गेटवेलाच उरकून घेतलेलं सगळ्यात बरं.

वेळ उरला तर

तोफांची टेकडी. लेण्याच्या बाजूने पायवाट वर जाते, वाटेत सावली कमी. वर दोन मोठ्या तोफा आणि सभोवार बंदर. मुलांना लेण्यापेक्षा हेच जास्त आवडतं, तेव्हा लाच म्हणून वापरायला उपयोगी. समोरच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आणि सीताबाईचं देऊळ म्हणून ओळखलं जाणारं लेणं आहे, पण नवख्यांनी पहिल्या फेरीत तिकडे वळू नये. वाट लांब आहे आणि घड्याळ थांबत नाही.

परत

शेवटच्या बोटीवर विसंबू नका. तिच्या आधीच्या दोन बोटींपैकी एक पकडा. रविवारी साडेचारनंतर जेट्टीवर रांग लागते, आणि दमलेली मुलं घेऊन उन्हात उभं राहण्यासारखी शिक्षा नाही. चढताना तोच नियम, बोट वर आली की पाय. जॅकेट पुन्हा घाला.

साडेतीन-चारला गेटवेला उतरलात आणि पायांत बळ असेल, तर पाच-सात मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, संध्याकाळी सहापर्यंत उघडं. घारापुरीची काही शिल्पं तिथे ठेवली आहेत आणि ती डोळ्यांच्या उंचीवर, चांगल्या उजेडात बघता येतात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो मात्र इथे नाही. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायची खटपट झाली, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे जोडून आता भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तो बघायला वेगळा दिवस काढा, आणि बुधवार सोडून, कारण त्या दिवशी ते बंद असतं.